तरंगतं ते टाकायचं

३ फेब्रुवारी, सोमवार

टिल्ले,

हे पत्र समेटाचं नाही. रडारड नाही, 'झालं गेलं विसरून जाऊ' नाही. एक काम आहे, तेवढं सांगते आणि गप्प बसते.

फोन मी कालपासून सात वेळा केला. सातव्यांदा तू उचललास, मी नुसतं "हं" म्हटलं आणि तू ठेवून दिलास. एका "हं"वरून ओळखतेस, आणि लोकांना सांगत फिरतेस की ताईचा आवाजसुद्धा विसरले. बरं. म्हणून कागद.

काल मेहुण्यांचा फोन आला होता. त्यांच्यावर डाफरू नकोस, घाबरलेत बिचारे. मटणाच्या दुकानातूनच केला होता. मागे ओंडक्यावर सुरा पडल्याचा आवाज येत होता. तो आवाज ऐकला की मी आजही फोन कानापासून लांब धरते. म्हणाले, "ताई, हिच्या उजव्या किडनीत पाण्याची गाठ निघालीय. नारळाएवढी आहे म्हणतात. पुढच्या मंगळवारी कमरेतून सुई घालून पाणी काढून टाकणार आहेत. तुम्ही लॅबमध्ये आहात म्हणून विचारतो, यात धोका नाही ना?"

मी म्हटलं, बघते. आणि ठेवला.

तर काम हे: सुई लावून घेऊ नकोस. डॉक्टर रागावले तरी चालेल, तारीख हुकली तरी चालेल. नाही म्हण. कारण विचारू नकोस. सत्तावीस वर्षं मी दुनियेच्या लघव्या बघतेय, तेवढ्यापुरतं तरी माझं ऐक.

आणि दुसरं. लघवीतून काही पडतं का तुझ्या? पांढरट, पातळ, द्राक्ष सोलल्यावर हातात साल राहतं तसं? किळस येईल, पण भांड्यात धरून बघ. उत्तर माझ्याशी बोलून द्यायला नको, मेहुण्यांकडे सांग.

ते म्हणाले तुझं वजन फार उतरलंय. जेवत जा.

ताई

६ फेब्रुवारी, गुरुवार

टिल्ले,

तुझी दोन्ही उत्तरं मेहुण्यांनी पोचवली. एक, लघवीतून काही पडत नाही. दोन, नुसता एक शब्द: "कारण?"

बरोबर आहे तुझं. जन्मभर मी तुला हुकूम सोडले आणि कारण कधी दिलं नाही. हात धू. वेणी घाल. या माणसाशी लग्न करू नकोस. आई गेली तेव्हा तू नऊ वर्षांची होतीस आणि मी एकवीसची, मलाच कुठं कारणं माहीत होती. पण आता घे, कारण सांगते. जेवून वाच.

गेल्या शुक्रवारी एक गवंडी आमच्याकडे लघवीची डबी घेऊन आला. लोक काय काय आणतात ते तुला सांगायला नको. लोणच्याच्या बरण्या, औषधाच्या बाटल्या, एकदा एका बाईनं नवऱ्याची लघवी चक्क थर्मासमधून आणली होती. अकरा वाजेपर्यंत त्या खोलीला असा वास सुटतो की नवीन माणूस दारातूनच परत जातो. मी त्यातच डबा खाते. त्या वासाचं मला काही वाटत नाही, कारण तो आजाराचा वास. मला घाण सोसत नाही ती माणसांच्या गलथानपणाची. डबीत केस, डबीत मुंगी, डबीत साबणाचा फेस. माझ्या आधीच्या तपासनीसबाईंनी मला पहिल्याच दिवशी शिकवलं होतं: तरंगतं ते टाकायचं, तळाशी बसतं ते बघायचं. वरचा कचरा चिमट्यानं उचलायचा, बेसिनमध्ये टाकायचा, मग उरलेली लघवी यंत्रात फिरवायची आणि खाली बसलेला गाळ काचेवर घ्यायचा. पुढं येणाऱ्या प्रत्येकीला मी हेच शिकवलं.

गवंड्याच्या डबीत वर सालं तरंगत होती. मी चिमटा लावला, तेवढ्यात मागून आमच्या नव्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "थांबा, ते काय फेकताय?"

"कचरा."

"कुणी सांगितलं कचरा आहे?"

माझ्या निम्म्या वयाची पोर. मी म्हटलं, सत्तावीस वर्षांनी सांगितलं. तिनं चिमटा माझ्या हातातून घेतला. साल काचेवर पसरलं, सूक्ष्मदर्शकातून पाहिलं, आणि मला खुर्चीवर बसवून म्हणाली, "आता तुम्ही बघा."

पाहिलं मी. सालाला थरावर थर होते, पातळ, कागदाच्या गड्डीला कडेने बघावं तसे. आणि त्यांत अडकलेले बारीक बारीक आकडे. मासे धरायच्या गळासारखे, टोकदार, वाकडे. माणसाच्या लघवीत आकडे.

त्याला हायडॅटिड म्हणतात. कुत्र्याच्या आतड्यात एक जंत असतो, तांदळाच्या दाण्याहून लहान. त्याची अंडी कुत्र्याच्या विष्ठेतून बाहेर पडतात, अंगावरच्या केसांना चिकटतात. तिथून हाताला, हातातून तोंडाला. माणसाच्या पोटात गेली की अंड्यातून निघालेली ती अळी रक्ताबरोबर बहुतेक वेळा लिव्हरमध्ये, नाहीतर फुप्फुसात, क्वचित किडनीत जाऊन बसते आणि तिथं पाण्याचा फुगा करते. त्या फुग्यात फुग्याची पिल्लं, त्यांतही पिल्लं. फुगा लघवीच्या वाटेत फुटला की ही सालं बाहेर पडतात. मेंढीतही असेच फुगे होतात. ते काळीज, ती फुप्फुसं कच्ची कुत्र्यापुढे टाकली की पुन्हा कुत्र्यात जंत. असं ते गोल गोल फिरतं.

आणि कारण हे: त्या फुग्याला बाहेरून नुसती सुई लागली तर आतलं पाणी अंगात सांडतं. ते शरीराला विषासारखं. टेबलावरच रक्तदाब उतरून माणूस जाऊ शकतो. वाचला, तर जिथं जिथं थेंब पडला तिथं तिथं नवा फुगा.

आता मला सांग, तुझ्या दारात तीन कुत्री. मेहुणे दुपारी दुकान धुवायला काढतात तेव्हा त्यांच्यापुढे काय पडतं ते मी डोळ्यांनी पाहिलंय. तू त्यांच्या अंगावरून हात फिरवतेस आणि त्याच हातानं कणीक मळतेस. मी तुझ्या घरी पाणी पीत नव्हते ते उगाच नाही. तेव्हा मी म्हणे नाकानं कांदे सोलत होते.

सुई नको. डॉक्टरांना हायडॅटिड हा शब्द सांग. लिहून दे.

ताई

९ फेब्रुवारी, रविवार

टिल्ले,

मेहुण्यांनी सगळं सांगितलं. तू पत्र दोनदा वाचलंस आणि म्हणालीस, "कुठल्या तरी गवंड्याच्या लघवीवरून हिनं माझी किडनी ओळखली?" तरी डॉक्टरांना शब्द सांगितलास. त्यांनी विचारलं, लघवीतून सालं पडली होती का कधी, आणि तू म्हणालीस, नाही. ते म्हणाले, मग काही नाही, साधी पाण्याची गाठ दिसतेय, परवा सकाळी नऊला उपाशीपोटी या.

तू खोटं बोलली नाहीस. तुला खरंच तसं वाटतंय. तसं वाटायला मी लावलंय.

कालपासून चार कागद फाडले. गुरुवारी मी तुला जे कारण दिलं ते खरं होतं, पण माझ्या सोयीचं होतं. चोराच्या उलट्या बोंबा म्हणतात तसं ते कुत्र्यांचं पुराण शेवटाला जोडलं. आता नीट सांगते.

दोन वर्षांपूर्वी, १९ ऑगस्टला, तुझ्या कमरेत कळा येत होत्या, दोन दिवस लघवी लाल होती. तू मेहुण्यांबरोबर डबी पाठवलीस, माझ्याकडेच, कारण म्हणे ताई नीट बघेल. नंबर एक्केचाळीस. झाकण उघडलं तर वर तीन सालं. एक तर सुपारीएवढं गोल, फुटलेलं, आतून गुळगुळीत. मी नाव वाचलं होतं. नाव वाचलं आणि डोळ्यांपुढे तुमची मोरी आली, जिथं मेहुणे आतडी धुतात. मला वाटलं, मटणाचा पडदा डबीत पडलाय. एक क्षण दुसरं काही वाटलंच नाही. दुसऱ्या कुणाची डबी असती तर निदान उजेडात धरून बघितलं असतं. तुझी होती म्हणून शिसारी आली.

चिमट्यानं उचललं, बेसिनमध्ये टाकलं, नळ सोडला. आणि तुला फोन लावला, चार जणी बसल्या होत्या त्यांच्यासमोर. काय बोलले ते तुला पाठ असेल. "लघवी मागितली होती गं, मटण नाही." त्या हसल्या. मलाही बरं वाटलं, खोटं कशाला बोलू.

तू म्हणालीस, "ताई, डबी मी उकळून घेतली होती. थेट तीतच धरली."

मी म्हटलं, "उकळलेली अशी दिसते होय?"

आणि तुझा माझा शब्द त्या दिवशी संपला. मी सगळ्यांना सांगितलं, बहीण गर्विष्ठ झाली, नवऱ्याच्या घरचं वारं लागलं. तुला मात्र वाटत राहिलं की डबीत खरंच काहीतरी पडलं असेल, चूक तुझीच असेल. म्हणूनच परवा डॉक्टरांनी विचारलं तेव्हा ते तुला मोजावंसंही वाटलं नाही.

गवंड्याची काच डोळ्यांपुढे होती तेव्हाच मला एक्केचाळीस आठवली. शुक्रवारी. मेहुण्यांचा फोन रविवारी आला. मधले दोन दिवस मी कुणाला काही बोलले नाही. वाटलं, झाकली मूठ सव्वा लाखाची, तुला स्टोन असेल आणि तो केव्हाच पडूनही गेला असेल. मग त्यांनी सुईचं सांगितलं. तरीही मी तुला कारण न देता हुकूम दिला, मग अर्धं कारण दिलं. आज नववी तारीख आहे. म्हणजे आणखी सात दिवस मी स्वतःला सांभाळत बसले.

माझी मलाच किळस येते आहे. हे लिहायला सोपं वाटेल म्हणून लिहीत नाहीये.

कुरिअर रविवारी चालत नाही. आमच्या रजिस्टरमध्ये त्या दिवशीची नोंद माझ्याच अक्षरात आहे: "डबी अस्वच्छ, वर पडद्यासारखा कचरा, नमुना परत आणावा." डॉक्टरीणबाईंना आज घरी जाऊन सगळं सांगितलं, लॅब उघडायला लावली आणि त्या पानाची प्रत सहीनिशी मागून घेतली. त्यांनी शेरा वाचला, सही केली. मग म्हणाल्या, "सत्तावीस वर्षांत असा किती कचरा फेकला असेल तुम्ही?" मी प्रत घडी घालून पर्समध्ये ठेवली.

उद्या पहिल्या बसने येते. हे पत्र मेहुण्यांच्या हातात देईन आणि कागद डॉक्टरांच्या. तू माझं तोंड बघू नकोस, हरकत नाही. सालं पडली होती हे तुला सांगावं लागणार नाही, माझी कबुली पुरे आहे.

ताई

११ फेब्रुवारी, मंगळवार

टिल्ले,

तुझ्या दवाखान्याच्या खालच्या बाकावर बसून लिहितेय. वर येऊ का असं मेहुण्यांना विचारायला पाठवलं होतं, तू भिंतीकडे तोंड केलंस असं ते म्हणाले. "झोपलीय बहुतेक," असंही म्हणाले. भला माणूस आहे. त्यांना खोटं बोलता येत नाही, हे दहा वर्षांत मला कळायला हवं होतं.

काल डॉक्टर आधी माझ्यावर उखडले. म्हणाले, नातेवाईक येतात आणि इंटरनेटवर वाचलेलं सांगतात. मी कागद पुढे केला. वाचून त्यांनी विचारलं, "हे तुम्ही स्वतः पाहिलंत?"

"पाहिलं आणि फेकलं."

"द्राक्षाच्या सालासारखं?"

"हो. तीन."

त्यांनी फोन उचलला आणि सुई रद्द केली. रक्ताची तपासणी लावली, सीटी स्कॅन लावला. आज दुपारी पडद्यावर मला दाखवलं. मोठी गाठ, आणि आत भिंतीला खेटून लहान लहान गाठी बसलेल्या, पोळ्यासारख्या. तुझी किडनी एका बाजूला चेपून पातळ पट्टी झालीय. लिव्हर आणि फुप्फुसं साफ आहेत, तेवढं एक बरं. डॉक्टर पडद्याकडे बघत म्हणाले, "आज सकाळी नऊला मी हिच्यात सुई घालणार होतो." आणि उठून पाणी प्यायला गेले.

मी बाहेर जाऊन ओकले. सत्तावीस वर्षांत नोकरीवर कधी ओकले नव्हते.

मग त्यांनी विचारलं, घरात कुत्री आहेत का. मी लगेच म्हटलं, आहेत, तीन, तिच्या सासरी, आणि कच्चं टाकतात त्यांना. बोट दाखवायची संधी मी सोडली नाही बघ, जित्याची खोड. डॉक्टर म्हणाले, "त्यांचा बंदोबस्त करायलाच हवा. सगळ्यांना जंताचं औषध द्या, कच्चं बंद करा, घरातल्या सगळ्यांची सोनोग्राफी करा. पण ही गाठ सावकाश वाढते. लहानपणीचीही असू शकते. माहेरी कुत्रं होतं का?"

होतं. तुला आठवत असेल, तू त्याच्या गळ्यात पडून झोपायचीस. त्याला खायला घालायचं काम माझं होतं. बाजारातून मेंढीची फुप्फुसं स्वस्तात मिळायची. बाबा सांगायचे, शिजवून घाल. मला त्या शिजणाऱ्या वासाची किळस यायची, म्हणून मी तशीच टाकायची, कच्ची, अंगणात.

डॉक्टरांना मी "होतं" एवढंच सांगितलं. तुला पूर्ण सांगतेय. कुठल्या कुत्र्यानं दिलं हे आता कुणालाच सांगता येणार नाही, मेहुण्यांच्या की माझ्या. पण यापुढे त्यांच्या मोरीविषयी एक शब्द माझ्या तोंडून निघणार नाही.

आजपासून गोळ्या सुरू होतील, जंताच्याच असतात, पण महिनाभर. त्या गाठीतला जीव मारायला. मध्ये मध्ये रक्त तपासतील, कारण लिव्हरला त्रास होतो. मग ऑपरेशन. गोळ्या जेवणाबरोबर घे, जेवणात थोडं तेल-तूप असू दे, म्हणजे लागू पडतात. हा हुकूम आहे, पण या वेळी कारण दिलंय.

ताई

१३ मार्च, गुरुवार

टिल्ले,

सोमवारी ऑपरेशन. मेहुणे म्हणाले तू कुत्र्यांना स्वतः पशुवैद्याकडे नेऊन आणलंस आणि त्यांच्या गोळ्यांचा तक्ता भिंतीवर लावलास. तुझ्या गोळ्या मात्र दोनदा चुकवल्यास. हे मी बोलायला नको.

इकडची बातमी. डॉक्टरीणबाईंनी मला सूक्ष्मदर्शकावरून काढलं. दयेनं नाही, रागानंही नाही, बोलावून सांगितलं. आता मी खिडकीत बसून डब्या घेते, चिठ्ठ्या चिकटवते. त्यांनी जुनी रजिस्टरं काढली आहेत. "अस्वच्छ", "कचरा", "नमुना परत", असा शेरा जिथं जिथं आहे तिथं त्या लाल टिंब देतात. सगळा कचरा आजार नव्हता, बहुतेक कचराच होता. पण परत आलेलेच नाहीत असेही खूप आहेत. त्यातल्या ज्यांचे नंबर सापडतात त्यांना मी फोन करते. काय बोलायचं ते डॉक्टरीणबाईंनीच लिहून दिलंय. परवा एक म्हातारे म्हणाले, "बाई, त्या दिवशी तुम्ही माझ्यावर एवढ्या खेकसला होतात की मी पुन्हा कुठल्याच लॅबमध्ये गेलो नाही." मला त्यांचा चेहराही आठवत नव्हता.

तू एकटी नव्हतीस, हे तुला बरं वाटावं म्हणून सांगत नाहीये. उलट आहे. मला वाटत होतं मी फक्त तुझ्याशी तशी वागले.

डॉक्टर म्हणाले गाठीभोवती मिठाच्या कडक पाण्यात भिजवलेली फडकी रचतात, म्हणजे थेंब गळला तरी तिथल्या तिथं मरतो. किडनी वाचेल का विचारलं तर म्हणाले, उघडल्यावर कळेल. तो आवाज मला माहीत आहे. मीही खिडकीतून लोकांना त्याच आवाजात सांगते, रिपोर्ट डॉक्टरांना दाखवा.

सोमवारी खालच्या बाकावर असेन.

ताई

२१ मार्च, शुक्रवार

टिल्ले,

तू शुद्धीवर आलीस, पाणी मागितलंस, नर्सला म्हणालीस उशी बदला, हिला वास येतो. मेहुण्यांनी हे सांगितलं तेव्हा मी बसस्टँडवर उभी राहून हसले आणि मग रडले, लोक बघत होते.

किडनी काढली हे तुला त्यांनी सांगितलंय. मला इथं कळलं, निराळ्या तऱ्हेनं.

तुमच्या दवाखान्यातले मोठे नमुने तपासायला आमच्याकडेच येतात. बुधवारी मी खिडकीत होते. गाडीवाल्यानं पांढरा डबा आणून ठेवला, झाकणाला चिकटपट्टी, वर चिठ्ठी. तुझं नाव. उजवी किडनी, गाठीसह. मला सही करून घ्यायची होती. मागे रांग होती, एक बाई माझी डबी आधी घ्या म्हणून कटकट करत होती.

सही केली. आत नेऊन ठेवला. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "तुम्ही थांबू नका." मी थांबले. त्यांनी गाठ उभी चिरली. त्यातून जे ओघळलं ते मी लिहिणार नाही. एवढंच लिहिते, की ट्रे भरला. वाटाण्याएवढे, द्राक्षाएवढे, लिंबाएवढे, सगळे पांढरे, ओले, एकमेकांवर घरंगळत होते. आणि त्या सगळ्यांच्या मागे, फाटक्या चपलेच्या तळव्यासारखी चपटी तुझी किडनी. वास फक्त फॉर्मॅलिनचा होता, पण मला दुकानाचा आला. मग लक्षात आलं की दुकानाचा नाही, मी इतकी वर्षं नाकात धरून ठेवलेला आहे. मी तिथंच उभी राहिले. एकदाही तोंड फिरवलं नाही. सत्तावीस वर्षांत काम असं मी पहिल्यांदा केलं असेल.

गोळ्या अजून काही महिने चालतील. दर तीन महिन्यांनी सोनोग्राफी. डावी किडनी चांगली आहे, माणूस एका किडनीवर आयुष्य काढतो, असं सगळे म्हणतात. मीही लोकांना म्हणत आलेय.

ताई

४ एप्रिल, शुक्रवार

टिल्ले,

तुझी चिठ्ठी मिळाली. दोन वर्षांत पहिली. मेहुण्यांनी स्वतः आणून दिली, खिडकीत रांग असताना उभे राहिले आपला नंबर येईपर्यंत. एवढुशी घडी, आणि आत एकच ओळ:

"त्या दिवशी तू बघितलं असतंस तर किडनी वाचली असती का?"

मेहुणे बाहेर चहाच्या टपरीवर मला म्हणाले, "ताई, तिला 'नाही' म्हणून लिहा. तिला रात्री झोप येत नाही. 'नाही' वाचलं तर सुटेल बिचारी." मी चहाचे पैसे दिले. त्या माणसानं माझ्यावर ओरडायला हवं होतं.

मी डॉक्टरीणबाईंना विचारलं. त्या म्हणाल्या, नक्की असं काही सांगता येत नाही. तुझ्या सर्जननाही फोन केला. ते म्हणाले, "आता त्या प्रश्नाला काय अर्थ आहे? पुढचं बघा." चांगली माणसं आहेत दोघं. मला सोडवत होती. घटकाभर सुटलेही मी. वाटलं, लिहून टाकावं, नक्की सांगता येत नाही. खोटंही झालं नसतं.

मग मेहुण्यांकडून तुझ्या फायलीतला त्या ऑगस्टचा सोनोग्राफीचा रिपोर्ट मागवला. डबी पाठवलीस त्याच आठवड्यातला. त्यात लिहिलंय: उजव्या किडनीच्या वरच्या टोकाला साडेतीन सेंटिमीटरची पाण्याची पुळी, साधी, सध्या काही करायची गरज नाही. बाकी किडनी उत्तम. तो कागद एकीकडे, माझा शेरा एकीकडे, आणि दोन्ही कधी एका टेबलावर आले नाहीत, कारण सालं बेसिनमध्ये होती.

काल सर्जनना पुन्हा फोन केला. तुझं नाव घेतलं नाही. विचारलं, "डॉक्टर, एखादी बाई साडेतीन सेंटिमीटरची गाठ घेऊन आली, वरच्या टोकाला, लघवीतून सालं पडलेली, तपासणीत हायडॅटिड निघालं, तर तुम्ही काय कराल?"

ते क्षणभरही थांबले नाहीत. म्हणाले, "गोळ्या देईन, गाठ तेवढी काढेन, किडनी ठेवेन." मग त्यांना कळलं असावं कोण विचारतंय, कारण त्यांनी फोन ठेवला.

तू विचारलंस म्हणून सांगते, आणि मेहुण्यांची माफी मागते.

हो. वाचली असती.

ताई